दीर्घिकांचंही वय होतं

आज आपण बोलू आभाळाच्या मोजणीबद्दल, आणि त्या मोजणीतली मोठी चूक दाखवणाऱ्या एका बाईबद्दल.

आपला सूर्य हा आकाशगंगेतला एक तारा. आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह विश्वात आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. देवयानी ही आपल्या शेजारची मोठी दीर्घिका. तिचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षं लागतात. म्हणजे आज आपल्याला दिसते ती २५ लाख वर्षांपूर्वीची देवयानी. जितकं लांब पाहू, तितका जुना काळ दिसतो. म्हणूनच दूरच्या दीर्घिकांची मोजणी केली, की विश्व कसं घडत गेलं ते कळतं.

पण अंतर कसं ठरवायचं? १९६०च्या दशकात बरेच शास्त्रज्ञ धरून चालत, की एका प्रकारच्या दीर्घिका सगळ्या काळात सारख्याच तेजस्वी असतात. मंद दिसली म्हणजे ती लांब. बीट्रिस टिन्स्ली यांना हे पटेना. कंदील लांब नेला तरी मंद दिसतो आणि वात कमी केली तरी मंदच दिसतो! तारे जन्मतात, म्हातारे होतात, विझतात. मग दीर्घिकेचा उजेड तसाच कसा राहील? वयाप्रमाणे तिचा रंग आणि तेज बदलतं, हे बीट्रिसबाईंनी हिशेब मांडून दाखवलं.

त्या न्यूझीलंडमध्ये वाढल्या आणि लग्नानंतर अमेरिकेत डॅलसला गेल्या. तिथे नोकरी होती ती नवऱ्याला. पीएचडीसाठी त्या सुमारे ३०० किलोमीटरवरच्या ऑस्टिनला जात. दोन मुलं दत्तक घेतली, घर सांभाळलं, संशोधनही केलं. तरी डॅलसमध्ये त्यांना कायमची जागा मिळाली नाही. अखेर घटस्फोट झाला, मुलं वडिलांकडे राहिली आणि त्या येल विद्यापीठात गेल्या. १९७८ साली प्राध्यापक झाल्या. १९८१ साली कर्करोगाने त्यांचं निधन झालं, तेव्हा त्या अवघ्या ४० वर्षांच्या होत्या.

दीर्घिका कशा बदलल्या, हा शोध आपल्याकडेही चालू आहे. पुणे जिल्ह्यात खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या मदतीने सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन वायू मोजला गेला. २०२० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. हा वायू म्हणजे तारे घडवायचं सरपण. नवी भर पडली नसती, तर ते शंभर-दोनशे कोटी वर्षांतच संपलं असतं, असं दिसलं.

मैत्रिणींनो, घर की काम, असं बीट्रिसबाईंना निवडावं लागलं. आपल्या लेकीसुनांवर ती वेळ येऊ नये म्हणून गावात काय करता येईल? गटाच्या पुढच्या बैठकीत बोला आणि आम्हाला जरूर कळवा.