ताडमाडातला ताड



आपण उंच माणसाला ‘ताडमाड वाढला’ म्हणतो. या जोडीतला माड आपण पोटच्या पोरासारखा वाढवतो, त्याला मीठ, खत, पाणी देतो. ताड मात्र कोणी लावल्याचे फारसे ऐकिवात नाही. आपोआप उगवला, वाढला, आणि आड आला की तोडला, एवढाच त्याचा आपल्याशी संबंध उरला आहे. म्हणून या पत्रिकेत थोडा त्याचा इतिहास.

आधी ओळख पटवून घेऊ. फोंडाघाटाच्या जंगलात जो दिसतो तो भेरली माड. त्याचे पान माशाच्या शेपटीसारखे कातरलेले असते. तो ताड नव्हे. ताडाचे पान उघडलेल्या पंख्यासारखे असते आणि देठाला करवतीसारखे काटे असतात. पूर्वी त्याच पानाचे विंझणे करीत, खोपीही शाकारीत.

या पानाने माणसाला लिहायला जागा दिली. सुमारे 1030 साली अल्-बिरूनीने हिंदुस्थानाविषयी ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की, दक्षिणेकडचे लोक ताडासारख्या झाडाच्या हातभर लांब, तीन बोटे रुंद पानावर लिहितात आणि मधे भोक पाडून ती दोरीत ओवतात. लिहायला श्रीताडाचे पान अधिक मऊ, पण ताडाचेही चाले. लोखंडी लेखणीने कोरायचे आणि वर काजळी चोळायची, अशी दक्षिणेतली रीत. सरळ आडवी रेघ ओढली तर पान चिरते, म्हणून कानडी, मल्याळी, उडिया अक्षरे गोल झाली असे जाणकार मानतात. आपण पुस्तकाचे ‘पान’ म्हणतो आणि पोस्टातून ‘पत्र’ येते, ते या पानाचेच उपकार.

याचा दाखला आपल्या कणकवली तालुक्यातच आहे. खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराज याचा शके 930, म्हणजे इसवी सन 1008 चा ताम्रपट मिळाला. त्याचे वाचन प्रथम प्रसिद्ध केले ते पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी, ‘दर्पण’कारांनी. दान कायम टिकावे म्हणून ते तांब्यावर कोरले. पण असे ताम्रपट नीट पाहा. लांबट पत्रे, त्यांना भोक आणि भोकातून कडी. ही सगळी बांधणी ताडपत्राच्या पोथीचीच. धातू आला तरी घाट झाडाच्या पानाचा राहिला. इंग्रजी टारपॉलिन आपल्या तोंडी ‘ताडपत्री’ झाली, ती ओळखीच्या याच शब्दावर बसून, असे म्हणतात. आता ती प्लास्टिकची झाली, तरी नाव ताडाचेच.

ताडाचे दुसरे मोठे उत्पन्न म्हणजे रस, आणि इथे ताडाचे नशीब फिरले. माडा-ताडाची छेदणी हा कोकणात भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. 1878 साली मुंबई अबकारी कायदा झाला. छेदायच्या झाडागणिक कर बसला, धंदा परवान्याच्या आणि मक्तेदारांच्या हाती गेला. ठाणे-कुलाबा भागात त्याविरुद्ध मोठी ओरड झाली. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला. दारूवर बंदी यावी की न यावी, हा वेगळा वाद आहे. पण झाड आणि दारू हे एकच समजले गेले, आणि त्यात शेतकऱ्याचे नुकसान झाले असे माझे मत आहे.

कारण रस म्हणजे ताडी नव्हे. रात्रभर उतरलेला ताजा रस म्हणजे नीरा. तिच्यात शेकडा दहा-बारा भाग साखर असते. मडक्याला आतून चुना लावला की ती लवकर आंबत नाही. सूर्य वर येण्याआधी ती उतरवून लगेच कढवली की गूळ होतो. अंदाजे आठ-दहा लिटर नीरेत एक किलो. महात्मा गांधींनी 1934 साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, तेव्हा ताडगूळ हे त्यातले एक मुख्य काम होते आणि गजानन नाईक यांनी ते नेटाने केले. गांधीजींचा हिशोब साधा होता. उसाला सुपीक जमीन आणि पाणी लागते, ताड पडीक जमिनीत उभा राहतो. हा हिशोब आजही खोटा ठरलेला नाही. मात्र नीरेसाठी परवाना लागतो, तो घेतल्याशिवाय झाडाला कोयता लावू नये.

बाकी उपयोग किती सांगावे! तमिळ भाषेत ‘ताल विलासम्’ नावाचे काव्य आहे, त्यात ताडाचे 801 उपयोग सांगितल्याची ख्याती आहे. आपल्याकडे ताडगोळे सर्वांना ठाऊक. जुन्या खोडाची बाहेरची लाकडे वाशांना टणक, आणि आतला गर काढून टाकला की पाण्याची पन्हळ तयार. सुगरण पक्षी घरटी टांगतो तीही बहुधा ताडालाच.

आता अडचण सांगतो. ताड फार सावकाश वाढतो. फुलावर यायला बारा ते वीस वर्षे जातात, आणि तोवर झाड नर की मादी हे कळत नाही. ताडगोळे फक्त मादीला, रस मात्र दोघांनाही. तेव्हा फळ धरत नाही म्हणून नर तोडू नये. तो गेला तर मादीला परागही मिळणार नाहीत. आज तोडलेल्या झाडाची जागा भरायला तुमचा मुलगा कर्ता होईल, एवढा काळ जातो.

लावायचे झाल्यास रोप उपटून लावू नये. बी रुजते तेव्हा कोंब आधी खोल जमिनीत जातो, मग वर पान येते. त्यामुळे उपटलेले रोप बहुतेक मरते. पूर्ण पिकून पडलेल्या फळातील बी काढावे आणि पावसाच्या सुरुवातीला कायमच्या जागीच, मेरेवर किंवा कुंपणाच्या कडेला, दोन झाडांत दहा फूट ठेवून टोचावे. एका जागी दोन बिया घालाव्यात. पाणी तुंबते ती जागा टाळावी. वर्षभर नुसते एखादे पान दिसेल, घाबरू नये. पहिली दोन-तीन वर्षे गुरांपासून आणि वणव्यापासून राखावे. कुजकी खोडे आणि शेणाचे उघडे ढीग जवळ ठेवू नयेत, त्यात गेंडाभुंगा वाढतो आणि तो ताडालाही सोडत नाही.