बाळंतपणाचा हिशोब



बचत गटाच्या बैठकीत आपण पै-पैचा हिशोब मांडतो. रोवणीसाठी किती कर्ज घेतलं, शेळीवर किती गेले, तेंदूपत्त्याचे किती आले, सगळं वहीत असतं. बाळंतपणाचा विषय निघाला की मात्र एखादी सासूबाई सांगते, "आमच्या सुनेचं घरीच झालं, रुपयाही लागला नाही." खरंच लागला नाही का? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा मागचा काळ पाहिला, तर खर्च झालेला दिसतो. तो वहीत चढला नाही, बाईच्या अंगावर चढला.

२६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्याआधी सगळा मिळून एकच चंद्रपूर जिल्हा होता. सिरोंच्याच्या बाईला जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास पडायचं, आणि मधे जंगल, नद्या. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता अलीकडेही बंद पडतो, मग तेव्हाची गोष्ट तर सोडाच. घर की दवाखाना, असा प्रश्नच नव्हता. दाई यायची. रात्रभर बसायची, अंग चोळायची, धीर द्यायची, आणि घरात असेल ते, थोडं धान किंवा एखादं लुगडं, घेऊन जायची. तिच्या हाताला अनुभव होता, म्हणून आपल्या आज्या तिच्यावर विसंबल्या. पण मूल अडलं किंवा रक्त थांबेना, तर तिच्याजवळ साधन नव्हतं. मग खाटेची कावड करून माणसं निघायची, आणि कधी कधी बाई वाटेतच जायची.

२३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचा दवाखाना तिथे उभा राहिला. दवाखाना जंगलात आला, पण तिथवर पायी पोचायचं होतंच.

१९८६ मध्ये डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ‘सर्च’ संस्थेतर्फे गडचिरोलीत काम सुरू केलं. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १०० पैकी ९२ जणींना अंगावरचं काही ना काही दुखणं निघालं, आणि याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ होत्या. १९८९ मध्ये ही माहिती जगापुढे आली. सगळीच दुखणी बाळंतपणाची होती असं नाही. पण सोसायचं आणि बोलायचं नाही, ही आपली रीत त्यातून उघडी पडली.

पुढे १९९५-९६ मध्ये ‘सर्च’ने ३९ गावांतल्या बाळंतपणांची नोंद ठेवली. १०० मध्ये ९५ घरीच होत होती. ७७२ बायांच्या नोंदी पाहिल्या, तर निम्म्याहून जास्त बायांना कळांच्या वेळी किंवा नंतरच्या दिवसांत काही तरी आजार झाला होता. आणि १०० मागे १५ जणींची अवस्था अशी होती की त्यांना तातडीने दवाखाना लागावा.

बायांनो, हा १५ चा आकडा नीट ध्यानात घ्या. याचाच दुसरा अर्थ, ८५ जणींना तशी घाई लागली नाही. म्हणून "आमच्याकडे सगळ्यांचं घरीच नीट झालं" असं म्हणणारी सासू खोटं बोलत नाही. पण आपली सून ८५ मधली की १५ मधली, हे कळा सुरू होण्याआधी नक्की कोणालाच सांगता येत नाही.

लेकरांचं काय? ‘सर्च’ने गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाला ऊब देणं, वजन करणं, श्वास अडला तर चालू करणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध-इंजेक्शन देणं, हे त्या घरी जाऊन करू लागल्या. पहिल्या महिन्यात दगावणारी बाळं हजारामागे ६२ होती, ती १९९७-९८ पर्यंत २५ च्या आसपास आली. खर्च आला एका बाळामागे सव्वापाच डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण दोनशे-सव्वादोनशे रुपये. २०११ पासून देशभर आशाताई बाळ पाहायला घरी येतात, त्याचं मूळ आपल्या या गावांत आहे. पण आईचं रक्त वाहू लागलं, तर रक्ताची पिशवी आणि ऑपरेशन घरात होत नाही. तिथे दवाखानाच लागतो.

मग दवाखाना फुकट आहे का? २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. गावातल्या गरीब बाईला सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्यावर ७०० रुपये मिळू लागले. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, जेवण आणि गाडी मोफत झाली. आदिवासी भागात माहेरघरं निघाली, दिवस भरण्याआधीच बाईने तिथे येऊन राहावं म्हणून. तरी खर्च उरतोच. सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. मागे राहिलेली लेकरं, शेळ्या कोण पाहील? माडिया बोलणाऱ्या बाईचं बोलणं तिथे कोणाला कळेल का? कोणी खेकसलं तर? घरी राहते म्हणणारी बाई अडाणी नसते, तीही हिशोबच करत असते. फक्त बुडलेली मजुरी पुढच्या हंगामात भरून निघते, गेलेली बाई परत येत नाही.

म्हणून हा हिशोब एकटीवर सोडू नये, गटाने करावा. कोणाला सातवा महिना लागला की बैठकीत चार गोष्टी ठरवा. गाडी कुठून येईल आणि १०८ ला फोन कोण लावेल? सोबत कोण जाईल, आणि तिची भाषा बोलणारं कोण असेल? घरची लेकरं-ढोरं कोण पाहील? हातखर्चाला गटातून किती द्यायचे? पावसाळ्यातली तारीख असेल, तर पूर येण्याआधीच माहेरघरात पाठवा. दाईमावशीलाही सोबत घ्या, तिच्या हाताचा धीर दवाखान्यातही लागतो.

आणि या चारही उत्तरांची नोंद गटाच्या वहीत करा.