राणी एल्फगिफूचे कुल

इंग्लंडचा राजा एडविग व एल्फगिफू यांचा विवाह निकट नात्याच्या कारणावरून आर्चबिशप ओडाने इ. स. ९५८ मध्ये मोडला, असे अँग्लो-सॅक्सन बखरीत नमूद आहे. नाते कोणते, हे बखर सांगत नाही. बहुतेक अभ्यासक जे तिचे मानतात त्या मृत्युपत्रात एल्फवर्ड, एथेलवर्ड व एल्फवारू यांना सामाईक जमीन दिलेली आहे. ही तिची भावंडेच असावीत. नावांतील ‘एल्फ’ या पदाची पुनरावृत्ती त्यास अनुकूल असली, तरी हे पद तत्कालीन नावांत सर्रास आढळते. त्यावर वंशवेल चढविता येत नाही. मात्र हा एथेलवर्ड आणि त्या नावाचा इतिवृत्तकार एकच असतील, तर उलगडा होतो. इतिवृत्तकार स्वतःस आल्फ्रेडचा बंधू पहिला एथेलरेड याचा वंशज म्हणवितो. म्हणजे एडविगचा खापरपणजा एथेलवुल्फ हा दांपत्याचा समान पूर्वज. इतक्या दूरच्या नात्याचा आक्षेप ९५७ च्या राज्यविभागणीने दुर्बळ झालेल्या राजावरच उगारला गेला, हे लक्षणीय आहे.