सुळक्यांच्या सावलीत

परदेशातल्या वाळवंटांतून मोटारीने केलेल्या प्रवासाची छायाचित्रं हल्ली घरोघरी पाहायला मिळतात. अमेरिकेतली मॉन्युमेंट व्हॅली, जॉर्डनमधलं वाडी रम. सपाट भूमीतून एकदम उभे राहिलेले तांबूस सुळके पाहिले की माणूस थक्क होतो. माझा भाचा अशीच छायाचित्रं दाखवत होता, तेव्हा मी त्याला म्हटलं, "रविवारी चल माझ्याबरोबर. कल्याणहून बदलापूरला जाऊ. फक्त उजव्या खिडकीशी बस."

उल्हासनगरची गर्दी ओलांडताना उजव्या हाताला मलंगगडाचा उभा कडा दिसू लागतो. त्याच्यापुढे ताहुली, म्हैसमाळ, चंदेरी आणि पार माथेरानपर्यंत पोहोचलेली रांग. हे सारं आगीतून जन्मलेलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्ह्याचे लोट आले, थरावर थर निवाले आणि त्यांचा काळा बसाल्ट झाला. पुढे पावसाने आणि ओढ्यांनी मऊ भाग झिजवला, कठीण तेवढा उभा राहिला. वाळवंटातले सुळकेही मुख्यतः पाण्यानेच कोरलेले असतात, हे ऐकून भाचा चकित झाला.

उल्हासनगरात आम्ही दाल-पकवान खायला थांबलो. तिथे नव्वदीला टेकलेले एक सिंधी आजोबा भेटले. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सुमारे लाखभर निर्वासित आले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि 'कल्याण कॅम्प'चं उल्हासनगर झालं. पत्त्यातला 'कॅम्प नंबर' मात्र अजून टिकून आहे. आजोबा म्हणाले, "आमच्या गावाला नजर जाईल तिथे वाळू. इथे उतरलो तर पाऊस, चिखल आणि सगळ्या बराकी सारख्या. मी वाट चुकायचो. आई सांगायची, तो डोंगर बघ. तो समोर ठेवून चाल, घर सापडेल." तो डोंगर म्हणजे मलंगगड.

याच गडाने 1780 साली, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, इंग्रजांना झुंजवलं होतं. कॅप्टन ॲबिंग्टनने खालची माची घेतली, पण वरचा बालेकिल्ला मराठ्यांनी सोडला नाही. उलट मराठी फौजेने पायथ्याकडून ॲबिंग्टनलाच कोंडलं. शेवटी कर्नल हार्टलेने येऊन त्याची सुटका केली. बालेकिल्ला राखणाऱ्या शिबंदीइतकंच श्रेय त्या उभ्या कातळालाही द्यायला हवं.

अंबरनाथला आम्ही वालधुनीकाठच्या शिवमंदिरात गेलो. उत्तरेकडच्या दारावरचा शिलालेख शके 982, म्हणजे इ. स. 1060 चा आहे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. इथे तोच काळा दगड, पण माणसाच्या हाताने घडवलेला. छिन्नीला सहजी दाद न देणाऱ्या या पाषाणात कारागिरांनी हत्तींच्या रांगा, देवदेवता आणि वेलबुट्टी कोरली. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की वर उघडं आकाश दिसतं. 1868 साली मुंबईच्या कलाशाळेच्या लोकांनी इथे येऊन शिल्पांचे साचे घेतले, रेखाटनं केली. बाहेर आलो तर वालधुनीच्या पाण्याचा उग्र वास. साडेनऊशे वर्षं उन्हापावसात टिकलेल्या मंदिराशेजारी नदीची ही दशा आपण काही दशकांत करून ठेवली.

बदलापूरला माझं घर. इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर, अशी जुनी माणसं व्युत्पत्ती सांगतात. पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलो, तेव्हा गॅलरीतून चंदेरीचा सुळका दिसे. सकाळचा चहा त्याच्या साक्षीने होई. मग समोर बारा मजली इमारत आली आणि चंदेरी गेला. मी तावातावाने हे सांगत होतो, तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, आपल्या इमारतीमुळे मागच्यांचा नसेल गेला? आणि आपल्या स्लॅबमधली खडी कुठल्या डोंगराची?"

मी गप्प झालो. एकाच दगडाच्या आधाराने कुणी गड राखला, कुणी देऊळ घडवलं, कुणा परक्या मुलाने घराची वाट शोधली. आम्ही त्याची खडी केली. घरं हवीतच, मलाही हवं होतं. पण कुठला डोंगर फोडायचा आणि कुठला नजरेसमोर राखायचा, एवढं ठरवण्याचं भान शिलाहारांच्या पाथरवटाइतकं तरी आपल्याला असावं.

संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर गेलो. दोन टाक्यांच्या मधल्या फटीतून चंदेरीचं टोक दिसत होतं. भाच्याने छायाचित्र काढलं आणि उल्हासनगरच्या आजोबांना दाखवायचं म्हणून जपून ठेवलं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)