तालमीतील मोजपट्टी

ठाकुर्लीवरून पुण्याकडे जाणारी गाडी घाट चढली की लोणावळे लागते. तेथे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम आश्रम स्थापन केला. स्वामी म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले. तालमीतून आलेल्या या माणसाने आश्रमात प्रयोगशाळा थाटली, हे विशेष.

त्यांचा एक प्रश्न पाहा. बस्तीक्रियेत साधक पाण्यात बसून नौली करतो आणि नळीवाटे पाणी आतड्यात चढते. कशाने बरे? स्वामींनी आतड्यातला दाब यंत्राने मोजला. नौली चालू असताना क्ष-किरणांनी पोट तपासले. उलगडा झाला: पोटाचे उभे स्नायू पुढे आले की आतली पोकळी वाढते, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि पाणी ओढले जाते. हे सारे त्यांनी ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले.

मग गुरूचा शब्द खोटा ठरला का? मुळीच नाही. क्रिया खरीच होती. तिचे कारण हाती आले. आणि कारण कळले की शिकवणाऱ्याला ‘मी करतो तसे कर’ एवढ्यावर थांबावे लागत नाही. कोणता स्नायू आवळायचा, कोणता सैल सोडायचा, हे सांगता येते.

खेळातही हेच घडले. फ्रान्समध्ये मारे नावाच्या शास्त्रज्ञाने १८८२ पासून चालत्या-धावत्या माणसाची लागोपाठची छायाचित्रे एकाच काचेवर घेतली. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी खेळाडूंच्या हालचालीही अशाच टिपल्या गेल्या. आज मोठ्या क्रीडाकेंद्रांत वेगवान कॅमेरे असतात, पायाचा जमिनीवरचा जोर मोजणारे तक्तेही असतात.

गुरुजी म्हणतील, आमच्या शाळेत हे कुठून आणायचे? पण मोजपट्टी आणि फक्की तर आहे ना! लांब उडीत मुलाचे शेवटचे पाऊल कुठे पडते तिथे खूण करा. उडी मोजा, वहीत लिहा. मग धावेची सुरुवात दोन पावले मागे घेऊन पुन्हा मोजा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. नाहीतर होते काय, ‘अंगात जोर नाही’ म्हणून आपण पोराला बाजूला बसवतो. खोट असते पावलांच्या हिशेबात, आणि पोर मात्र मैदानाला मुकते.