बोटीवर मुक्काम, पाण्यात दिवस

'लिव्हअबोर्ड' या शब्दाला मराठीत सुटसुटीत प्रतिशब्द नाही. ससून डॉकहून किंवा हर्णैहून खोल समुद्रात जाणारा तांडेल आणि त्याचे खलाशी कित्येक दिवस बोटीवरच राहतात, तिथेच भात शिजवतात, जाळ्यांशेजारी झोपतात. पण ते पोटासाठी. पैसे मोजून आठवडाभर बोटीवर राहायचं, दिवसातून तीन-चार वेळा पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरायचं आणि याला सुट्टी म्हणायचं, ही कल्पना आपल्याकडे अगदी अलीकडची. हल्ली मात्र तिची एक ठरलेली वाट दिसते. तारकर्लीला हौस म्हणून पहिली डुबकी, मग अंदमानात रीतसर कोर्स, आणि पंधरा-वीस डाइव्ह झाल्या की 'आता लिव्हअबोर्ड करायची, कुठली घेऊ?'

या प्रश्नाची उत्तरं बहुधा केबिन, जेवण आणि शार्क यांच्याभोवती फिरतात. मला वाटतं, या बोटी कशा जन्मल्या आणि कशा बुडाल्या हे माहीत असेल तर निवड जास्त शहाणपणाने होते. म्हणून थोडा इतिहास.

मुळात बोटीवर राहायची गरज का पडली? टाकीतली हवा साधारण तासाभरात संपते. ती पुन्हा भरायला कॉम्प्रेसर लागतो, आणि कॉम्प्रेसर किनाऱ्यावर असेल तर किनाऱ्यापासून तास-दोन तासांपलीकडे जाता येत नाही. उबदार समुद्रातली उत्तम प्रवाळं मात्र आपल्या सोयीने वाढलेली नाहीत. तांबड्या समुद्रातली 'ब्रदर्स' नावाची दोन इवली बेटं इजिप्तच्या किनाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर आहेत. तिथे एक दीपगृह सोडलं तर काही नाही. अशा ठिकाणी दिवसभर डाइव्ह करायच्या तर कॉम्प्रेसर, स्वयंपाकघर आणि अंथरूण बरोबर न्यावं लागतं.

हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केलं ते संशोधक आणि सिनेमावाल्यांनी. त्यातही एकच माणूस दोन्ही असायचा. व्हिएन्नाचा हान्स हास १९५० च्या सुमारास सुदानच्या किनाऱ्यावर चित्रीकरण करत होता. बरोबर लोटे होती. ती त्याची सेक्रेटरी. बाईमाणसाला अशा मोहिमेत घ्यायला तो आधी तयार नव्हता. पुढे पडद्यावर लोकांनी तिलाच डोक्यावर घेतलं, आणि १९५० मध्येच दोघांचं लग्नही झालं होतं. सिनेमाच्या यशानंतर हासने 'झारिफा' हे १९२७ साली बांधलेलं तीन डोलकाठ्यांचं जहाज मिळवलं. १९५७-५८ च्या दुसऱ्या सफरीत झारिफा तांबड्या समुद्रातून मालदीव आणि आपल्या निकोबारपर्यंत आली. त्या सफरीत वाळूतून गवतासारखे डोलणारे ईल मासे सापडले. त्यातल्या एका जातीला हासचं नाव आहे, आणि आज मालदीवला जाणारा प्रत्येक जण त्यांचे फोटो काढतो. निकोबारच्या प्रवाळांचा अहवाल मात्र १९७४ साली आला. तो लिहिणाऱ्या दोघांत एक जर्मन शेअर, आणि दुसरे भारतीय प्रवाळतज्ज्ञ पिल्लै. आपल्या प्रवाळ-अभ्यासातला हा धागा सहसा कोणी सांगत नाही.

दुसरी बोट जास्त प्रसिद्ध. 'कॅलिप्सो' १९४२ साली सिएटलमध्ये ब्रिटिश नौदलासाठी सुरुंग काढणारी लाकडी बोट म्हणून बांधली गेली. युद्धानंतर ती माल्टा आणि गोझो बेटांमध्ये प्रवासी नेणारी फेरीबोट झाली. १९५० साली गिनेस घराण्यातल्या एका धनिकाने ती विकत घेऊन वर्षाला एक फ्रँक भाड्याने झाक कूस्तोला दिली. कूस्तो आणि एमिल गान्यान यांनी १९४३ मध्ये अ‍ॅक्वालंग तयार केलं होतं. म्हणजे यंत्र हाताशी होतं, आता घर मिळालं. नोव्हेंबर १९५१ मध्ये कॅलिप्सो तुलाँहून तांबड्या समुद्राकडे निघाली.

ते घर चालवलं सिमोनने. कूस्तोची ही बायको कॅमेऱ्यापुढे फारशी येत नसे, पण बोटीवर त्याच्यापेक्षा जास्त काळ तीच राहिली. कोणाला काय दुखतंय, कोठीत काय उरलंय, कोणाचं कोणाशी बिनसलंय, हे सगळं तिच्याकडे. पैसे कमी पडले तेव्हा तिने दागिनेही मोडले. आजच्या बोटीच्या माहितीपत्रकात ज्या गोष्टीला 'हॉस्पिटॅलिटी' म्हणतात, ती या धंद्यात पहिल्यांदा एका बाईने बिनपगारी केली.

१९५५ मध्ये कॅलिप्सो 'द सायलेंट वर्ल्ड'च्या चित्रीकरणासाठी पुन्हा निघाली. सहदिग्दर्शक लुई माल तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा. सिनेमाला कानमध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि नंतर ऑस्करही. जगभरच्या अनेकांनी रंगीत प्रवाळं पहिल्यांदा पाहिली ती यात. आज तो पाहताना मात्र मान खाली जाते. मासे मोजायला म्हणून प्रवाळावर सुरुंग लावला जातो. बोटीच्या पंख्याने देवमाशाचं एक पिल्लू जखमी होतं, रक्तावर शार्क जमतात, आणि खलाशी त्या शार्कना ओढून डेकवर घेतात आणि कुऱ्हाडी-हूकांनी मारतात. कॅमेरा हे लपवत नाही, त्याला त्यात वावगं वाटतच नाही. पुढे कूस्तो समुद्र वाचवा म्हणत जगभर फिरला, तोही खराच. पण बोटीवर आलेला पाहुणा समुद्राचं काय करतो हा प्रश्न पहिल्या बोटीपासूनचा आहे.

त्याच सफरीत त्यांना 'थिसलगॉर्म' सापडली. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी बुडवलेलं हे ब्रिटिश मालवाहू जहाज. पोटात मोटारसायकली, ट्रक, रायफली, बूट. कूस्तोच्या माणसांनी जहाजाची घंटा काढली, एक मोटारसायकलही वर आणली. नेमकी जागा त्यांनी जाहीर केली नाही, आणि थिसलगॉर्म जवळजवळ पस्तीस वर्षं पुन्हा विस्मरणात गेली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हौशी डायव्हरना ती पुन्हा सापडली, तोवर दुनिया बदलली होती.

बदललं काय? संशोधनाच्या जहाजाचं हॉटेल झालं. कॅरिबियनमध्ये पॉल ह्यूमन या वकिलाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वकिली सोडून 'केमन डायव्हर' ही बोट चालवायला घेतली. १९८४ मध्ये 'केमन अ‍ॅग्रेसर' आली आणि एकाच नावाच्या बोटी जगभर, हा साखळी-हॉटेलाचा नमुना पाण्यावर उतरला. १९८२ मध्ये सिनाई इस्रायलकडून इजिप्तकडे परत आला. पुढच्याच वर्षी रास मोहम्मद हे इजिप्तचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि शर्म अल-शेख व हुरघाडा ही गावं बघता बघता बोटींनी भरली. इतक्या बोटींचे नांगर रोज प्रवाळावर पडू लागले तेव्हा १९९२ मध्ये हुरघाडाच्या डायव्हिंगवाल्यांनीच 'हेप्का' ही संस्था काढून समुद्रात कायमचे दोर बांधायला घेतले. थिसलगॉर्मवर तर बोटी थेट बुडालेल्या जहाजालाच बांधत. त्या ओढीने त्याचे भाग सुटून आले. मोटारसायकलींचे आरसे, दिवे वगैरे पाहुण्यांच्या पिशव्यांतून घरी गेले, ते वेगळंच.

मालदीवचं वळण निराळं. तिथे पहिलं रिसॉर्ट १९७२ मध्ये उघडलं. बोटी आल्या त्या स्थानिक धोनींतून. (आपल्या कोकणातली डोणी आणि ही धोनी एकाच कुळातल्या, संस्कृत 'द्रोणी'च्या लेकी.) तिथली पद्धत अशी बसली की मुक्कामाची मोठी बोट वेगळी, आणि कॉम्प्रेसर, टाक्या, ओले सूट सगळं मागून येणाऱ्या धोनीवर. त्यामुळे केबिनजवळ आवाज नाही, वास नाही. आणि एक फायदा कुठल्याच जाहिरातीत नसतो: अपघात झाला तर शेजारी दुसरी बोट असते.

आता बुडण्याचा इतिहास. इजिप्तच्या उत्तर मार्गावर अबू नुहास नावाचं प्रवाळ आहे. त्याच्या पायथ्याशी सत्तावीसेक मीटरवर 'कर्नाटिक' पडली आहे. पी अँड ओ कंपनीची ही बोट सप्टेंबर १८६९ मध्ये, सुएझ कालवा उघडण्याच्या दोन महिने आधी, सुएझहून मुंबईला निघाली होती. उतारू, टपाल, तांबं आणि ४०,००० पौंडांची नाणी घेऊन. पहिल्याच रात्री ती प्रवाळावर चढली. कप्तान अनुभवी होता. त्याने पाहिलं, पंप चालू आहेत, बोट घट्ट बसली आहे, त्याच कंपनीची 'सुमात्रा' लवकरच इथून जाणार आहे. मग उतारूंना होड्यांत कशाला घालायचं? काही उतारूंनी बेटावर जाऊ द्या म्हणून विनवणी केली, ती त्याने मानली नाही. दुसऱ्या रात्रीही बोटीवर व्यवस्थित जेवण झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी, धडकेनंतर साधारण चौतीस तासांनी, बोट मधोमध मोडली. ३१ जण गेले. ज्यांची मुंबईत वाट पाहिली जात होती ते त्यांत होते.

आज त्या सांगाड्याच्या लाकडी फळ्या कुजून गेल्यात आणि उरलेल्या लोखंडी फासळ्यांतून ऊन खाली येतं. डायव्हर म्हणतात, तांबड्या समुद्रातलं सर्वांत देखणं जहाज. असेलही.

दीडशे वर्षांनी, २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे, कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ 'कन्सेप्शन' ही डाइव्ह-बोट जळाली. पाणी थंड, पण धडा सगळीकडचा. खालच्या झोपायच्या खोलीतले सगळे, ३३ पाहुणे आणि १ कर्मचारी, मेले. खोलीला दोन वाटा होत्या, एक जिना आणि एक झडप. दोन्ही वरच्या एकाच दालनात उघडत होत्या, आणि आग त्याच दालनात होती. रात्री फिरून पहारा द्यायचा नियम होता, पहारेकरी कोणी नव्हता. पाहुणे रात्रभर चार्जिंगला लावतात त्या लिथियम बॅटऱ्यांकडे संशयाने पाहिलं गेलं. आगीचं नेमकं कारण मात्र ठरलं नाही.

आणि तांबडा समुद्र. एप्रिल २०२३ मध्ये 'कार्लटन क्वीन' कलंडली, सगळे वाचले. जूनमध्ये 'हरिकेन' जळाली, तीन ब्रिटिश डायव्हर गेले. २५ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे 'सी स्टोरी' मार्सा आलमच्या समुद्रात उलटली. मोठ्या लाटांचा हवामान-इशारा आधीच दिलेला होता. ११ जण मेले किंवा सापडलेच नाहीत. काही जण उलट्या पडलेल्या बोटीच्या आत, अंधारात, उरलेल्या हवेवर दिवसाहून अधिक काळ जिवंत राहिले. बोट जुनी खटारा नव्हती. २०२२ साली बांधलेली, चकचकीत, चव्वेचाळीस मीटर लांब.

म्हणून पहिल्या सफरीची बोट निवडताना मी 'नवी आहे का?' याला फारशी किंमत देणार नाही. डेकवर डेक चढवून, वर जकुझी ठेवून बोट उंच होते, आणि उंच बोट कलंडायला सोपी. त्यापेक्षा विचारावं: खालच्या केबिनमधून बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत का, आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी निघतात का? रात्री जागं कोण असतं? बॅटऱ्या कुठे चार्ज करायच्या? हवा बिघडली तर मार्ग बदलायचा निर्णय कोण घेतं, कप्तान की ऑफिस? चांगला चालक या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होतो. गुळमुळीत उत्तर आलं तर पुढचा ईमेल लिहायची गरज नाही. बोटीवर चढल्यावर सामान लावायच्या आधी केबिनमधून डेकवर डोळे मिटून एकदा चालून पाहावं. लोक हसतील. हसू द्यावं.

दुसरी गोष्ट मार्गाची. ब्रदर्स, डीडॅलस या मार्गासाठी इजिप्तमध्ये ५० डाइव्हची अट असते. पंधरा डाइव्हवाल्याला 'चालतंय की, या' म्हणणारा एजंट भेटला तर तो आपला मित्र नाही. तिथे तळ दिसत नाही, ओढ जोरात असते, आणि वर आल्यावर लाटांतून रबरी होडीत चढावं लागतं. पहिल्या खेपेला उत्तरेचा मार्ग बरा. अबू नुहास, रास मोहम्मद, किनारा जवळ, उपचाराची दाब-खोलीही जवळ. थिसलगॉर्म याच मार्गावर आहे, पण तीस मीटरवर आणि ओढीत. पहिल्या दोन दिवसांत वेळापत्रकात दिसली तर ती पुढे ढकलायला सांगावं.

आपल्या लोकांना मालदीव सोयीचं, हे खरं. विमान जवळ, धोनीची पद्धत सुरक्षित, अंघोळीइतकं उबदार पाणी. पण तिथल्या खाड्यांमधली ओढ नवख्याला दमवते, म्हणून 'मध्य अटॉल' असं लिहिलेला साधा मार्ग घ्यावा. दक्षिणेचे वाघशार्क पळून जात नाहीत. २०१० मध्ये तिथे शार्क मारायला बंदी आली.

आपल्या दाराशीही एक जागा आहे. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवर, समुद्राच्या पोटात, अ‍ॅंग्रिया बँक नावाचं प्रवाळाचं पठार आहे. नाव कान्होजी आंग्र्यांचं. माथा वीसेक मीटर खोल. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांची एक तुकडी जहाजावर मुक्काम करून तिथे उतरली होती. हास आणि कूस्तो गेले तसंच: आधी मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन. हॉटेलवाल्या बोटी तिथे अजून जात नाहीत.