मालदीवचा शत्रू

1343 च्या सुमारास इब्न बतूता मालदीवला पोहोचला आणि तिथला काझी झाला. तिथल्या कवड्या बंगालमध्ये चलन म्हणून जात, हेही त्याने नोंदवले. आपल्याकडे मात्र मालदीव म्हटले की हनिमूनच आठवतो!

एप्रिल 1987 मध्ये मोठ्या लाटा राजधानी मालेत घुसल्या. त्याच वर्षी अल-अझहरमध्ये शिकलेले राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत वाढत्या समुद्राविषयी बोलले. पाण्याखाली झालेली 2009 ची मंत्रिमंडळ बैठक सगळ्यांना आठवते. माझ्या मते ते भाषण अधिक मोलाचे.

नोव्हेंबर 1988 मध्ये भाडोत्री बंडखोरांनी माले ताब्यात घेऊ पाहिले, तेव्हा भारताची फौज काही तासांत पोहोचली. समुद्राविरुद्ध कोणाला बोलवायचे? 2007 मध्ये सुरक्षा परिषदेत हवामानबदलावर प्रथमच चर्चा झाली, तेव्हा या विषयाची ही जागा नव्हे, असे चीनने म्हटले. विकसनशील देशांच्या गटाच्या वतीने पाकिस्ताननेही तेच. उम्मतच्या बाता मारणाऱ्यांनी ही नोंद जरूर वाचावी. अर्थात, हा प्रश्न पाच बड्यांच्या हाती जाऊ नये, ही त्या गटाची भीती अगदीच खोटी नव्हती.

जपानच्या मदतीने मालेभोवती काँक्रीटची तटबंदी उभी राहिली. 2004 च्या त्सुनामीत तिने राजधानीला बरेच सावरले. दूरच्या बेटांना अशी भिंत नव्हती. कंधोलहुधू बेट तर कायमचे सोडावे लागले. तिथल्या लोकांना काही वर्षांनी धुवाफरू या दुसऱ्या बेटावर घरे मिळाली.